जुन्या ग्राहकाची सूट

३ मार्च, मंगळवार

कॅशबॅकच्या वेबसाइटवाल्यांच्या मदत कक्षातली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅम, तक्रार करायची असेल तर तारीखवार लिहून ठेवा. कधी काय केलंत, कोणाशी बोललात, सगळं." म्हणून ही वही. रोजनिशीची हौस मला कधी नव्हती, आताही नाही.

नोंद अशी : २४ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता त्यांच्या साइटवर गेले. तिथल्या लिंकवरून विमा कंपनीच्या पानावर गेले आणि गाडीचा वर्षाचा विमा घेतला. हप्ता १३,४८०. त्यातले १,५०० कॅशबॅक म्हणून परत मिळणार, असे ठळक अक्षरांत लिहिले होते. तीन दिवसांत माझ्या खात्यावर 'नोंद झाली' असे दिसायला हवे होते. आज सात दिवस झाले. खाते कोरे!

मुलगी फार गोड बोलते. गोड बोलण्याने आकडा बदलत नाही.

४ मार्च, बुधवार

पार्श्वभूमीही लिहून ठेवावी.

हे खूळ भाच्याचे. फेब्रुवारीत एका आठवड्यात त्याचे चार फोन आले. एरवी चार महिन्यांतून एक येतो, तोही कसला तरी कागद कुठे आहे हे विचारायला. "मावशी, तू अजून त्या विमेवाल्या काकांकडूनच विमा घेतेस? अगं, मधला माणूस म्हणजे कमिशन! तेच कमिशन कंपनी या साइटला देते आणि साइट त्यातलं थोडं तुला परत करते. सरळ हिशेब आहे."

हिशेब सरळ होता म्हणून पटला. एकतीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. सरळ हिशेबापुढे मी कधी हट्ट केला नाही.

विमेवाल्यांना फोन केला. आमच्या गाडीचा विमा बावीस वर्षे तेच करत होते. आधी ह्यांच्यासाठी, आणि हे गेल्यापासून नऊ वर्षे माझ्यासाठी. मी म्हटले, "यंदा तुमचे काम नाही. मी इंटरनेटवरून घेते आहे. मधला माणूस नको." ते म्हणाले, "बरं वहिनी. कागद तेवढे नीट पाहून घ्या."

संपले. पाऊण मिनिटसुद्धा लागले नाही.

साइटवरच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता — गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते? मीटर पाहून आले आणि खरे ते लिहिले : एक हजार नऊशे. स्वीकारेना. सगळ्यात कमी पर्याय पाच हजारांचा. माझ्याइतके कमी बाहेर जाणारी माणसे त्यांनी धरलेलीच नाहीत.

५ मार्च, गुरुवार

मदत कक्षाला दुसरा फोन. बावीस मिनिटे सनई ऐकली. मग तीच मुलगी आली. आवाजावरून ओळखले, आणि उगाच बरे वाटले.

"मॅम, आमच्या लिंकवरून गेल्यावर पैसे भरण्याआधी मध्ये दुसरं काही उघडलं होतं का?"

"अर्थात. कंपनीची मूळ साइट वेगळी उघडली होती. लिंकवरून गेल्यावर तुम्ही किंमत वाढवून दाखवता की काय, ते ताडून पाहायला नको?"

"आणि होती का वाढलेली?"

"नाही. दोन्हीकडे १३,४८०."

"मग मॅम..." — अगदी हळू म्हणाली, जणू मला कसला आजार झाल्याचे सांगते आहे — "...तुम्ही शेवटी सरळ कंपनीच्या दारातून आत गेलात, असं झालं. आमच्याकडून आलात हे कंपनीला कळलंच नाही. शेवटचं क्लिक ज्या साइटवरून, तिच्या नावावर गिऱ्हाईक."

म्हणजे पडताळा घेतला म्हणून पैसे बुडाले! मोजले म्हणून चुकले! प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला मी पहिल्याच दिवशी सांगत असे — दोनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. इथे ज्याने एकदाच मोजले, डोळे मिटून, त्याला बक्षीस.

तरी लेखी तक्रार केली. निकाल लागायला नव्वद दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, असे उत्तर लगेच आले. उत्तर यंत्राचे.

सोडणार नाही. या दीड हजारासाठी मी एका माणसाला घरी येऊ नका म्हटले आहे. आता ते पैसे मिळालेच पाहिजेत.

७ मार्च, शनिवार

मार्चच्या पहिल्या शनिवारी विमेवाले पॉलिसीचा कागद घेऊन येत. चार वाजता. बसत चाळीस मिनिटे. कागद तीन मिनिटांत देऊन व्हायचा. उरलेल्या वेळात त्यांच्या गिऱ्हाइकांचे किस्से. एकाने उभ्या गाडीवर स्वतःच्याच गच्चीतली कुंडी पाडली आणि फॉर्मवर 'समोरच्याची चूक' असे लिहिले. मी हसत नसे. ते गेल्यावर हसत असे.

आज सवयीने बिस्किटांचा पुडा आणला. मी बिस्किटे खात नाही.

पावणेपाचला बेल वाजली. शेजाऱ्यांचे पार्सल. सही करून ठेवून घेतले.

९ मार्च, सोमवार

तक्रारीला आधार हवा म्हणून साइटच्या अटी वाचल्या. एकोणतीस पाने. अकराव्या पानावर : आपल्या ओळखीने नवा सभासद आणणाऱ्यास, त्या सभासदाची पहिली खरेदी होताच, ७५० बक्षीस.

भाच्याला फोन केला. "मला या साइटवर आणलेस त्याचे तुला किती मिळाले?"

"मावशी! तू अटी वाचल्यास? अटी कोणी वाचतं का गं?"

"किती मिळाले?"

"अजून मिळाले नाहीत. तुझी खरेदी नोंदलीच गेली नाही ना. तेवढं तू जरा मागे लाग त्यांच्या."

एवढे मात्र मान्य करते — पोरगा खोटे बोलला नाही. त्या आठवड्यात चार फोन का आले, ते कळले. प्रत्येक फोननंतर मी संध्याकाळभर बऱ्या मनाने वावरले होते, हेही इथे लिहून ठेवते. कोण वाचणार आहे!

११ मार्च, बुधवार

फोन नाही. मदत कक्षाचाही नाही. शेजाऱ्यांनी पार्सल नेले. "थँक्यू हं" म्हणाले. आज दिवसभरात माझ्याशी बोललेले शब्द एवढेच.

१४ मार्च, शनिवार

मोठी चूक सापडली. माझीच.

साइटवरून विमा घेताना मी तुलना केली होती ती गेल्या वर्षीच्या पॉलिसीवर छापलेल्या आकड्याशी — १३,२००. यंदा १३,४८०, वजा कॅशबॅक १,५००, म्हणजे ११,९८०. भरघोस फायदा! तेव्हा पाठ थोपटून घेतली होती.

पण गेल्या वर्षी मी १३,२०० दिले कुठे होते? आज घरखर्चाच्या वहीत विमेवाल्यांची चिठ्ठी सापडली. त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरात :

एकूण १३,२००
जुन्या ग्राहकाची सूट १,९८०
द्यावयाचे ११,२२०

दरवर्षी ते अशी चिठ्ठी देत. मी तेवढेच पैसे त्यांच्या हातात ठेवी आणि कंपनीची पूर्ण रकमेची पावती ते आणून देत. पहिल्या वर्षी मी विचारले होते, ही सूट पावतीवर का नाही? म्हणाले, "कंपनी आमच्यामार्फत देते, वहिनी." पावती खरी होती, बेरीज बरोबर होती. पुढे विचारले नाही.

मूळ आकडाच चुकीचा धरला. पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी चूक! अशा चुकीवर मी लोकांना अख्खी वही पुन्हा लिहायला लावली आहे.

आता ही सूट यंदा मला सरळ कंपनीकडूनच मागता येईल. बावीस वर्षांची ग्राहक आहे. सोमवारी फोन करायचा.

१६ मार्च, सोमवार

कंपनीला फोन केला. एक तरतरीत गृहस्थ बोलले.

"जुन्या ग्राहकाची सूट? अशी कोणतीही सूट आमच्याकडे नाही, मॅडम."

"बंद झाली का?"

"कधी नव्हतीच."

मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी आकडेमोड केली. मग, "एक हजार नऊशे ऐंशी म्हणजे बरोबर पंधरा टक्के होतात. एजंटचं कमिशन तेवढंच असतं. म्हणजे त्यानं स्वतःचं सगळं कमिशन तुम्हाला दिलं. हे नियमात बसत नाही, मॅडम. तक्रार नोंदवायची आहे का?"

गेले दोन आठवडे मी ह्या घरात बसून तक्रारीच करते आहे. यंत्राकडे, मुलीकडे, भाच्याकडे. आणि हा माणूस मला तयार तक्रार देतो आहे, फक्त नाव भरायचे.

"एजंटचं नाव काय म्हणालात?" त्याने विचारले. मी काही म्हटलेच नव्हते.

"मला कमी ऐकू येते," असे सांगून फोन ठेवला. माझे कान उत्तम आहेत.

१७ मार्च, मंगळवार

हिशेब मांडला. यंदाच्या १३,४८० चे पंधरा टक्के २,०२२. म्हणजे विमेवाल्यांकडून घेतला असता तर ११,४५८. कॅशबॅक मिळाले तरी ११,९८०. म्हणजे मिळाले तरी ५२२ चा तोटा, आणि न मिळाले तर दोन हजारांवर.

कॅशबॅकने गाडीच्या विम्यात पैसे वाचतात का, ह्या प्रश्नाचे उत्तर हे. माझ्यापुरते तरी. आकडे दोनदा तपासले.

पण नऊ वर्षे एक माणूस स्वतःच्या पदरचे पेट्रोल जाळून माझ्या घरी येतो, फॉर्म भरतो, पुन्हा येतो, कागद देतो आणि एक छदामही न कमावता जातो — हे कशात मांडायचे?

आणि मी त्याला म्हटले, मधला माणूस नको.

आज स्वयंपाक केला नाही. बिस्किटांचा पुडा संपला.

१९ मार्च, गुरुवार

गेले.

विमेवाल्यांचा पत्ता त्यांच्या कार्डावर होता. शिंप्याच्या दुकानाच्या वर एक खोली, बाहेरच्या अंगाने लोखंडी जिना. बावीस वर्षांत मी त्यांचे घर पाहिलेले नव्हते. कारणच नव्हते. येत ते.

दार उघडून माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाले, "कोण?"

"मी."

"वहिनी! अरे देवा — कुठं ठोकलीत? लागलं नाही ना? आधी फोटो काढलेत का?"

"मी आयुष्यात गाडी ठोकलेली नाही. आत येऊ का?"

खोलीत फॉर्मचे बारा गठ्ठे, महिन्यांची नावे लावून भिंतीशी ओळीने उभे. टेबलावर हे एवढे मोठे भिंग. स्वच्छ आहे खोली. पण एकट्या माणसाची स्वच्छता मला लांबून ओळखू येते. एकच खुर्ची झिजलेली असते.

त्यांनी चहा केला आणि अर्धा बशीबाहेर ओतला. टेबल कुठे संपते हे त्यांना दिसत नव्हते. मी किटली काढून घेतली. "बसा. मी ओतते."

मग चिठ्ठी पुढे ठेवली.

"जुन्या ग्राहकाची सूट. कंपनी म्हणते, अशी सूट नाही."

"हळू बोला, वहिनी. खाली शिंपी ऐकतो. त्याचा दुचाकीचा विमा माझ्याकडे आहे. तोही मागेल."

"नियमबाह्य काम करून नऊ वर्षे तुम्ही मला फसवलेत."

"हो."

सरळ 'हो' म्हणाले. पाकीट काढले. "नऊ वर्षांचे मिळून सोळा हजार दोनशे होतात. मोजून घ्या. मला कोणाचे उपकार नकोत."

हात लावला नाही. पाकिटाकडे पाहिलेही नाही. कदाचित दिसले नसेल. म्हणाले, "मधल्या माणसाला एवढं तरी करू द्या."

मला ऐकवायला म्हणाले असते तर परवडले असते. तसे म्हणाले नाहीत. नेहमीसारखेच म्हणाले, चहात साखर कमी आहे म्हणावे तसे.

मग मी विचारले, का? सरळ विचारले. मला दुसरी पद्धत येत नाही.

कप फिरवत म्हणाले, "दादा गेले त्या वर्षी तुम्ही गाडी विकायला काढली होतीत. म्हणालात, मला कुठं जायचंय? तेव्हा वाटलं, विमा जरा स्वस्त झाला तर ठेवाल. म्हणून ती सूट काढली."

"मी गाडी ठेवल्याने तुमचे काय भले होणार होते?"

"गाडी आहे तोवर विमा आहे, वहिनी. आणि विमा आहे तोवर..."

वाक्य पुरे केले नाही. मीही करायला लावले नाही. एरवी अर्धे वाक्य मी कोणाचे खपवून घेत नाही.

निघताना भिंगाखाली डोळ्यांच्या रुग्णालयाचे कार्ड दिसले. ऑपरेशनची तारीख तीनदा खोडलेली.

"हे काय?"

"मोतीबिंदू. पिकलाय म्हणे. सोबत माणूस लागतो त्यांना, सही करायला आणि घरी आणायला. मुलगा लांब, त्याला रजा नाही."

"शेजारी?"

"आम्ही विमा विकतो हो! आम्हाला बघून शेजारी दारं लावतात."

मी हसले. त्यांच्यासमोर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना दिसले की नाही कोणास ठाऊक, पण ऐकू आले असणार, कारण कप हळूच खाली ठेवला.

तिथूनच रुग्णालयाला फोन केला. सोमवारची तारीख मिळाली. "सात वाजता खाली उभे राहा," असे सांगितले. "सव्वासात म्हणजे सात नव्हे."

"गाडीचा विमा आहे ना, वहिनी? नाही म्हटलं, इंटरनेटवाला..."

"आहे! महागडा आहे!"

पाकीट टेबलावर ठेवले होते. घरी येऊन पाहते तो पिशवीत. ज्यांना टेबलाची कड दिसत नाही, त्यांनी परत टाकले.

२० मार्च, शुक्रवार

साइटचे उत्तर आले, नव्वद दिवसांच्या आधीच. नियमानुसार कॅशबॅक देता येत नाही. तरीही सद्भावना म्हणून ३०० जमा करत आहोत. कोणाची सद्भावना? खाली कोणाचे नाव नाही.

त्या मुलीला फोन केला. म्हणाली, "मॅम, मी वर खूप सांगून पाहिलं तुमच्यासाठी." खरे असेल. तिला म्हटले, तू काम चांगले करतेस. म्हणाली, "थँक्यू मॅम, असं कुणी म्हणत नाही." मी प्रयोगशाळेत किती जणींना म्हटले होते? आठवून पाहिले. आठवले नाही.

तक्रार मागे घेतलेली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२२ मार्च, रविवार

गाडी धुतली. पेट्रोल भरले. हवा तपासली. रुग्णालयाचा रस्ता एकदा जाऊन पाहून आले. अठरा किलोमीटर. मागच्या सीटवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा कधीपासून पडला होता, तो काढला. पुढची डावी सीट मागे सरकवली. ती माझ्या पिशवीच्या मापाने पुढे ओढलेली होती. बऱ्याच वर्षांत तिथे कोणी बसलेले नाही.

२३ मार्च, सोमवार. रुग्णालय, पहिला मजला

सात वाजता खाली उभे होते. सातला पाच कमी असताना, खरे तर. आठ चाळीसला आत नेले.

ऑपरेशनआधी रुग्णाच्या वस्तू सोबतच्या माणसाच्या ताब्यात देतात. मिळाल्या त्या अशा :

घड्याळ एक, चार मिनिटे पुढे.
चष्मा एक.
पाकीट एक. उघडले नाही.
घराच्या किल्ल्यांचा जुडगा एक.
कवळी एक, डबीत. ही देताना तोंड फिरवले होते त्यांनी. मीही दुसरीकडे पाहिले.

पावतीवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी 'विमा ग्राहक' असे लिहिले. परिचारिकेने वाचून कागद परत दिला. "असं चालत नाही, आजी. घरचं माणूस लागतं."

खोडले. 'घरचे माणूस' लिहिले. सही केली.

वस्तू पाच. मोजून घेतल्या.